‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ : दरवेळी शेवटच्याच ओळीत होणारी चूक कशी काढायची

मेल गेल्यावर चूक दिसते आणि ती बहुतेक वेळा शेवटच्या ओळीत असते. वरचं सगळं चोख असतं. बेअरिंगचा नंबर बरोबर, फोटो जोडलेले, इंजिनिअर कुठल्या तारखेला येणार तेही लिहिलेलं. आणि खाली, ‘रिगार्ड्‌स’च्या डोक्यावर, ती बसलेली असते : ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू.’

मी भोसरीत एका मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हिस विभागात आहे. परदेशातल्या गिऱ्हाइकांना जाणारे मेल माझ्या नजरेखालून जातात. ही ओळ मी स्वतः कित्येक वर्षं चुकीची लिहिली. मग कुणीतरी दाखवून दिलं, महिनाभर बरोबर लिहिली आणि पुन्हा हात जुन्या वळणावर गेला. आता विभागात नवीन पोरं आली की त्यांच्या पहिल्याच मेलमध्ये ती हजर असते. मी दुरुस्त करतो, पोरगं मान डोलावतं, आठवड्याने परत तेच. मशीनमध्ये असा बिघाड असता तर आम्ही तो ‘रिपिट कम्प्लेंट’ म्हणून लाल पेनाने लिहिला असता. म्हणून या ओळीलाही तीच वागणूक द्यायचं ठरवलं : वरवर पुसून न टाकता खोलून बघायचं.

बरोबर ओळ आधी सांगतो, म्हणजे घाईत असलेल्यांचं काम होईल. ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू.’ उत्तराची वाट बघत असाल तर ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू.’ ‘टू मीट’ नाही, ‘टू हिअर’ नाही. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी मेल पाठवावा. पण बिघाड परत येऊ नये असं वाटत असेल तर पुढचं वाचावं लागेल, कारण नुसती ओळ पाठ करून तो जात नाही. मी करून पाहिलंय.

आधी अर्थाचं बघू, कारण अर्धी गडबड तिथेच आहे. शब्दकोशात ‘लुक फॉरवर्ड टू’पुढे बहुतेकदा ‘वाट पाहणे’ असं दिलेलं असतं. ते पुरत नाही. वाट आपण पीएमपीच्या बसचीही पाहतो, रक्ताच्या रिपोर्टचीही पाहतो आणि गॅस सिलिंडरचीही. त्या सगळ्याला इंग्रजीत ‘वेट फॉर’. ‘लुक फॉरवर्ड टू’मध्ये जे येणार आहे ते यावं अशी मनापासूनची ओढ असते, आणि ते आलं की बरं वाटणार आहे हे गृहीत असतं. मराठीत याला अगदी जवळचं काय असेल तर ‘कधी एकदा भेटतोय असं झालंय’. पोराला सुट्टी लागायच्या आधी आजोळचं जे वाटतं, ते. ‘डोळे लावून बसणे’ही चालेल, पण त्यात थोडी काळजी मिसळलेली असते. इथे काळजी नाही, नुसता आनंद आहे.

हे कळलं नाही की कशा फजित्या होतात याचा एक नमुना. आमच्या एका सहकाऱ्याने मेलच्या सहीतच कायमची ओळ बसवून ठेवली होती : ‘लुकिंग फॉरवर्ड टू मेनी मोअर सच ऑपर्च्युनिटीज.’ व्याकरणाने निर्दोष. एका जुन्या गिऱ्हाइकाच्या वडिलांचं निधन झालं, याने दोन वाक्यांत शोक कळवला, चांगला कळवला, आणि खाली सही आपोआप चिकटली. अशाच अनेक संधींच्या प्रतीक्षेत. ते गिऱ्हाईक सज्जन होतं, काही बोललं नाही. पण त्या दिवसापासून आमच्याकडे सहीत नाव, हुद्दा आणि फोन नंबर सोडून काही ठेवायचं नाही असा नियम झाला.

असंच थकलेल्या बिलाचं. ‘वुई आर लुकिंग फॉरवर्ड टू युवर पेमेंट’ असं लिहिणारे खूप आहेत. पैसे येणं आनंदाचंच आहे, यात वाद नाही, पण समोरच्याला ते ‘तुमच्या पैशांवर डोळा ठेवून बसलोय’ असं वाचायला मिळतं. तिथे साधं ‘किंडली अरेंज द पेमेंट बाय’ लिहून तारीख घालावी. तक्रारीच्या मेलमध्येही हीच गत. मशीन बंद पडलंय, गिऱ्हाईक तापलंय, आणि आपण लिहितो की आम्ही तुमच्या कारखान्यात यायला आतुर आहोत. आतुर कसले, बोलावलं म्हणून चाललोय.

उलट नकारार्थी रूप मात्र फार कामाचं आहे आणि आपल्याकडे ते कुणी वापरत नाही. ‘आय अॅम नॉट लुकिंग फॉरवर्ड टू मंडे’ याचा अर्थ ‘मी सोमवारची वाट पाहत नाहीये’ एवढाच नाही. सोमवार येणार या विचारानेच पोटात गोळा येतोय, असा आहे. एका जर्मन इंजिनिअरने ऑडिटच्या आदल्या आठवड्यात हे वाक्य लिहिलं होतं. आमच्याकडच्या एकाने समजूत करून घेतली की ऑडिट पुढे गेलं. नशिबाने त्याने ते मोठ्याने म्हटलं आणि सगळ्यांनी ऐकलं.

आता मुख्य बिघाड. कारखान्यात दोष परत परत आला की आम्ही ‘व्हाय-व्हाय’ करतो. का, मग ते का, मग तेही का, असं खाली उतरत जायचं. टोयोटाच्या कारखान्यांतून जगभर पसरलेली ही पद्धत, आणि चाकण-भोसरीतल्या कुठल्याही पोराला विचारा, त्याने तो तक्ता एकदा तरी भरलेला असतो. ‘टू मीट’लाही तेच लावून बघितलं.

टूनंतर ‘मीट’ का लिहिलं? कारण शाळेत शिकलो की टूनंतर क्रियापदाचं मूळ रूप येतं. टू गो, टू ईट, टू प्ले. आमच्या पिढीला मराठी शाळेत इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं, २००० पासून ते पहिलीत आलं, पण हा नियम दोघांनाही सारखाच मिळाला. आणि नियम खोटा नाही. मग बिघाड कुठे? इंग्रजीत ‘टू’ दोन आहेत, आणि आपल्याला एकाचीच ओळख करून दिली. एक ‘टू’ क्रियापदाला बांधलेला असतो : ‘आय वाँट टू मीट यू’, मला भेटायचंय. दुसरा ‘टू’ हे शब्दयोगी अव्यय आहे, आपल्या ‘कडे’सारखं : ‘आय वेंट टू नाशिक’, मी नाशिककडे गेलो. ‘लुक फॉरवर्ड टू’मधला टू हा दुसरा आहे. ‘कडे पाहणे’मधला ‘कडे’. नजर पुढे लावायची आहे, ती कशाकडे तरी लावायची आहे, आणि हा टू त्या ‘कडे’चं काम करतोय.

इथपर्यंत कुठलाही शिक्षक सांगतो. गाडी अडते ती पुढे : बरं, शब्दयोगी अव्यय आहे, मग ‘इंग’ कशाला? हे पटत नाही म्हणून ते लक्षात राहत नाही.

पटवायला इंग्रजीकडे जायची गरज नाही, आपलं मराठी व्याकरण पुरतं. सातवीत ‘सामान्यरूप’ शिकलो होतो ते आठवा. घोडा या शब्दाला ‘ला’ लावायचा तर ‘घोडाला’ होत नाही, ‘घोड्याला’ होतं. गाव, पण ‘गावाकडे’. प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागायच्या आधी शब्द जरा वाकतो, अंग बदलतो, मगच पुढचं त्याला चिकटतं. आता क्रियापदाला ‘कडे’ लावून बघा. भेटणे अधिक कडे. ‘भेटकडे डोळे लावून बसलोय’ असं म्हणाल का? नाही. ‘भेटण्याकडे’. आधी धातूचं नाम झालं, भेटणे, मग त्याचं सामान्यरूप झालं, भेटण्या, मग ‘कडे’ लागला. आपण हे झोपेतही चुकत नाही.

इंग्रजीत अव्यय शब्दाच्या आधी येतं, एवढाच फरक. पण वाकावं तिथेही लागतं. अव्ययाच्या शेजारी क्रियापद बसवायचं असेल तर त्याने आधी नाम व्हायचं, आणि नाम होण्याची खूण म्हणजे ‘इंग’. मीटिंग म्हणजे भेटणे. टू मीटिंग म्हणजे भेटण्याकडे. ‘टू मीट’ इथे लिहिणं हे ‘घोडाला’ म्हणण्यासारखं आहे. परदेशी माणूस मराठी शिकताना ‘मी घोडाला पाणी दिलं’ म्हणतो तेव्हा आपल्याला अर्थ लगेच कळतो, राग येत नाही, फक्त कळतं की याला अजून भाषा आलेली नाही. आपली शेवटची ओळ वाचताना त्याला अगदी एवढंच आणि असंच वाटतं.

आमच्या स्टोअरमधला पोरगा, ज्याला मी हे पहिल्यांदा या पद्धतीने सांगितलं, तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘‘सर, पण मीटिंग म्हणजे तर मीटिंग ना? आपण त्यांना फक्त भेटायला चाललोय, मीटिंग थोडीच आहे.’’

मला तेव्हा उलगडलं की इतकी वर्षं ही ओळ हाताला का नको वाटत होती. मराठीत ‘मीटिंग’ हा शब्द आपला झालाय. त्याचा अर्थ बैठक : सोसायटीची मीटिंग, पालकांची मीटिंग, सोमवारची प्रॉडक्शनची मीटिंग. त्यामुळे ‘टू मीटिंग यू’ वाचलं की मनात टेबल, पाण्याच्या बाटल्या आणि हजेरीपट येतो, आणि हात नकळत ‘इंग’ खोडतो. काहींना तर ते इतकं अपुरं वाटतं की ते ‘टू मीटिंग विथ यू’ करतात. ‘विथ’ लावला की ती खरोखरच बैठक होते. साधी भेट हवी असेल तर ‘विथ’ नको. हिअरिंगचंही असंच आहे : आपल्याकडे ‘हिअरिंग’ म्हणजे कोर्टाची तारीख. ‘कधी आहे हिअरिंग?’ म्हणून जो शब्द ऐकला तो प्रेमाच्या ओळीत लिहायला कोण धजावेल? म्हणून सांगतो, या दोन शब्दांच्या मराठीतल्या अर्थाला दाराबाहेर ठेवा. इथे मीटिंग म्हणजे भेटणे आणि हिअरिंग म्हणजे ऐकणे, दुसरं काही नाही.

व्हाय-व्हायमध्ये आणखी एक कारण निघालं आणि तेही मराठीतूनच आलंय. आपण मनात वाक्य कसं जुळवतो? ‘तुम्हाला भेटायला उत्सुक आहे.’ त्यातलं ‘भेटायला’ सरळ ‘टू मीट’ होतं. आणि ते बरोबरही आहे, फक्त त्याच्या आधी ‘ईगर’ हवं : ‘आय अॅम ईगर टू मीट यू’ शंभर टक्के शुद्ध आहे. आपण करतो काय, तर मागचा डबा ‘ईगर’च्या गाडीचा आणि इंजिन ‘लुकिंग फॉरवर्ड’चं. कपलिंग बसत नाही.

गंमत म्हणजे हे दोन ‘टू’ मुळात एकच होते. हजार-एक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘टू’नंतर येणारं क्रियापद नामासारखं चतुर्थीत चालवलं जायचं. पुढे इंग्रजीचे विभक्तिप्रत्यय झडून गेले आणि उघडं ‘टू मीट’ उरलं. आपल्याकडे ‘भेटायला’मधला ‘ला’ बघा, तोही ‘स-ला-ते, स-ला-ना-ते’मधलाच ‘ला’ आहे. ‘घोड्याला’ आणि ‘भेटायला’, ‘ला’ एकच आणि कामं दोन. तेव्हा इंग्रजांना नावं ठेवायला जागा नाही.

एरवी भाषेत अडलं की लोक सांगतात, मोठ्याने वाचा, कानाला खटकलं की चूक. या बिघाडात कान उपयोगाचा नाही. आपल्याकडे ‘टू मीट यू’ इतक्या जणांनी लिहिलंय, निमंत्रणपत्रिकांवर, बॅनरवर, साहेबांच्या मेलमध्ये, की कानाला तेच गोड लागतं आणि बरोबर रूप खटकतं. गेज स्वतःच बिघडलेलं असेल तर त्याने माप घेऊन काय मिळणार? म्हणून वेगळं गेज लागतं.

माझं गेज असं. टूच्या पुढचं सगळं झाका आणि तिथे नुसतं ‘इट’ ठेवा, म्हणजे ‘ते’ या अर्थाचं ऱ्हस्व ‘इट’, खाण्याचं ‘ईट’ नव्हे. ‘आय अॅम लुकिंग फॉरवर्ड टू इट.’ बसलं? बसलं. म्हणजे हा टू अव्यय आहे, क्रियापद आलं तर ‘इंग’ लावून येईल. आता ‘आय वाँट टू इट.’ नाही बसलं. ‘आय होप टू इट.’ नाही बसलं. म्हणजे हे पहिल्या जातीचे टू, इथे मूळ रूप. एवढं तपासायला दोन सेकंद पुरतात.

हे गेज हातात आल्यावर ‘लुक फॉरवर्ड’पुरतं थांबू नका, कारण हा बिघाड एकट्या मशीनचा नाही, त्या घराण्यातल्या सगळ्या मशीनना आहे. आमच्याच औद्योगिक वसाहतीत फिरा. आयएसओ ९००१ हे गुणवत्तेचं प्रमाणपत्र घेतलेल्या प्रत्येक कारखान्याला गुणवत्ता धोरण लिहून ठेवावं लागतं, आणि बहुतेक ठिकाणी ते रिसेप्शनमध्ये, गणपतीच्या तसबिरीशेजारी, काचेच्या चौकटीत असतं. त्यातल्या कितीतरी चौकटींत पहिलंच वाक्य असतं : ‘वुई आर कमिटेड टू प्रोव्हाइड…’ कमिटेड टू इट. बसलं. म्हणजे ‘टू प्रोव्हायडिंग’ हवं. मी आमच्याकडे हे सांगितलं तेव्हा उत्तर मिळालं की चौकट गेल्या वर्षीच केलीय, पुढच्या ऑडिटच्या वेळी बघू.

‘ऑब्जेक्ट टू’, ‘विथ अ व्ह्यू टू’, ‘व्हेन इट कम्स टू’, सगळे याच जातीचे. यातला सर्वांत फसवा मात्र ‘यूज्ड टू’, आणि त्याच्याशी जरा थांबायला हवं, कारण तिथे चूक झाली की अर्थच उलटतो. ‘आय यूज्ड टू वर्क इन नाइट शिफ्ट’ म्हणजे मी पूर्वी रात्रपाळी करायचो, आता करत नाही. ‘आय अॅम यूज्ड टू वर्किंग इन नाइट शिफ्ट’ म्हणजे मला रात्रपाळीची सवय आहे. गेज लावा : ‘आय यूज्ड टू इट’ बसत नाही, ‘आय अॅम यूज्ड टू इट’ बसतं. मराठीत ‘करायचो’ आणि ‘करायची सवय आहे’ यांत आपण कधी घोळ घालत नाही, पण इंग्रजीत मधला एक छोटा ‘अॅम’ गळतो आणि मुलाखतीत बसलेला माणूस सांगून बसतो की रात्रपाळी मी सोडली. नोकरी नेमकी रात्रपाळीची असते.

या गेजला एक खोट आहे, ती लपवत नाही. ‘अॅग्री टू.’ ‘आय अॅग्री टू इट’ छान बसतं, तरीही ‘दे अॅग्रीड टू मीट अस’ हेच बरोबर आहे, ‘मीटिंग’ नव्हे. असे एखाद-दोन शब्द दोन्ही टू घेऊन हिंडतात. ते वेगळे लक्षात ठेवायचे. गेज टाकून द्यायचं कारण नाही.

दुरुस्तीनंतर उलटाही बिघाड होतो, त्याची आगाऊ सूचना देतो. स्टोअरमधल्या त्याच पोराला हे पटलं आणि पटलं ते इतकं की पुढचे दोन आठवडे त्याच्या प्रत्येक टूनंतर ‘इंग’ यायला लागलं. ‘वुई होप टू रिसीव्हिंग युवर ऑर्डर.’ ‘वुई वाँट टू चेकिंग द मशीन.’ नट आवळायला सांगितलं तर थ्रेड मारेपर्यंत आवळला. त्याला रागावलो नाही, मीही हेच केलं होतं. नवा नियम समजल्याचं ते लक्षण असतं. ‘इट’चं गेज दोन्ही बाजूंनी लावायचं एवढंच त्याला पुन्हा दाखवलं.

बाकीचे दोष किरकोळ आहेत, भराभर सांगतो. ‘लुकिंग फॉरवर्ड फॉर युवर रिप्लाय’ : हा ‘फॉर’ ‘वेटिंग फॉर’मधून घुसलाय, काढून टू घाला. ‘लुकिंग फॉरवर्ड युवर रिप्लाय’ : टू गळला, ‘घोडा पाणी दिलं’ झालं. ‘आय अॅम लुक फॉरवर्ड’ : एक तर ‘आय लुक फॉरवर्ड’ किंवा ‘आय अॅम लुकिंग फॉरवर्ड’, अर्धं इकडचं अर्धं तिकडचं नको. या दोघांतही छटा आहे. पहिलं कडक इस्त्रीचं, ज्याला कधी भेटलो नाही त्याच्यासाठी आणि अर्जासाठी. दुसरं ओळखीच्या माणसासाठी. आणि ‘आय अॅम’ही टाकून नुसतं ‘लुकिंग फॉरवर्ड टू’ लिहिलं की शर्ट बाहेर काढल्यासारखं. रोजच्या मेलला चालतं, नोकरीच्या अर्जाला नाही. स्पेलिंगमध्ये फॉरवर्डच्या दुसऱ्या भागात ‘डब्ल्यू-ए-आर-डी’ आहे. ‘वर्ड’ म्हणजे शब्द असं मनात धरून ‘डब्ल्यू-ओ-आर-डी’ लिहिणारे असतात, आणि आधी एक ‘ई’ही घातली की तो पुस्तकाच्या प्रस्तावनेचा शब्द होतो, म्हणून स्पेलिंग तपासणारी लाल रेघही येत नाही.

टू शेवटी एकटा राहिला तर घाबरू नका. ‘व्हॉट आर यू लुकिंग फॉरवर्ड टू?’ हा प्रश्न असाच संपतो. लोकांना तो लटकता टू अपुरा वाटतो आणि ते पुसून टाकतात. आपण ‘कशाकडे?’ विचारतो, नुसतं ‘कशा?’ नाही विचारत. टू राहू द्या.

ज्याला भेटायचंय तो माणूस नसून त्याचं येणं असेल तर? ‘वुई लुक फॉरवर्ड टू युवर व्हिजिट’ सर्वांत सोपं. आणि खरं तर हाच पळवाटीचा राजमार्ग आहे : क्रियापद टाळा, नाम घाला. टू युवर रिप्लाय, टू द ट्रायल, टू द डिस्पॅच. नामाला ‘इंग’ लागतच नाही, म्हणजे चुकायची सोयच नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी भाच्याला हेच सांगितलं होतं. मोकळ्या वेळी मात्र मूळ दोष काढावा.

तो कायमचा काढायचा तर कळ माणसात नाही, संगणकात आहे. आपण ही ओळ हल्ली पूर्ण लिहितो कुठे? ‘लुकिंग फॉर’ एवढं टाइप केलं की पुढचं फिकट अक्षरांत येतं आणि आपण टॅब दाबतो. जीमेलमध्ये ही सोय २०१८ साली आली. फोनचा कीबोर्ड तर आपण स्वतः पूर्वी जे लिहिलं तेच शिकून आपल्याला परत वाढतो. दहा वर्षं ‘टू मीट’ लिहिलं असेल तर तो ‘टू मीट’च देणार. पहिलं काम, फोनमध्ये ती सूचना आली की तिच्यावर बोट दाबून धरा, बहुतेक कीबोर्डांत ती काढून टाकायचा पर्याय येतो. दुसरं, जुन्या, म्हणजे ‘क्लासिक’ आउटलुकमध्ये फाइल, ऑप्शन्स, मेल असं जाऊन ऑटोकरेक्टची यादी उघडा आणि एखादं छोटं अक्षरजुळं, मी ‘एलएफएच’ घेतलंय, डावीकडे लिहून उजवीकडे पूर्ण बरोबर ओळ टाका. तीन अक्षरं टाइप केली आणि स्पेस दिला की ओळ हजर. जपानी लोक ज्याला ‘पोका-योके’ म्हणतात, चूक करायला वावच न ठेवणारी जुळणी, ती हीच. तिसरं, जुन्या मेलची नक्कल करून नवा मेल बनवायची सवय. सेंटमध्ये ‘फॉरवर्ड टू मीट’ शोधा, किती निघतात बघा. माझे ४१ निघाले, त्यांतले निम्मे एकाच मेलची पिलं होती.

याच ओळीचं एक भूत हल्ली मराठीत शिरलंय तेही बघून घ्या. ‘आम्ही आपल्याला भेटण्यासाठी पुढे पाहत आहोत.’ हे कुठल्याही मराठी माणसाच्या तोंडचं वाक्य नाही. भाषांतराच्या यंत्राने ते टाकलं आणि कुणी वाचायची तसदी घेतली नाही. मराठीत लिहायचं असेल तर आपल्याकडे काय कमी आहे? कचेरीच्या पत्राला ‘आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत’. घरच्या माणसाला ‘वाट पाहतोय, लवकर या’. आजोबांच्या पत्रात ‘पत्रोत्तर पाठवावे. कळावे, लोभ असावा ही विनंती’ असायचं, त्यात सगळं आलं.

राहता राहिला प्रश्न, चुकीची ओळ पाठवून झालीच असेल तर काय करायचं. काही नाही करायचं. आमच्या पोराने एकदा घाबरून आउटलुकचं ‘रिकॉल’ दाबलं. रिकॉल आपल्याच कंपनीतल्या मेलला चालतं, बाहेर गेलेला मेल परत येत नाही. गिऱ्हाइकाला उलट दुसरा मेल गेला की अमुक यांना त्यांचा आधीचा मेल मागे घ्यायचा आहे. गिऱ्हाइकाला वाटलं दरात काही चूक झालीय. त्याने तो मेल पुन्हा उघडून नीट वाचला, मग फोन करून विचारलं की नक्की काय मागे घेताय. पोरगं फोनवर म्हणालं, ‘‘नथिंग सर, ओन्ली लास्ट लाइन.’’ आणि रिसीव्हरवर हात ठेवून माझ्याकडे बघत हळूच विचारलं, ‘‘सर, आता काय म्हणू, मीट का मीटिंग?’’